दोन रेघांचा मासा

आमच्या घरात ‘मासा’ हा शब्द कोणी तोंडी घेत नसे. ऐकणारा म्हणेल, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरात मासा नाही तर काय हत्ती म्हणायचे? पण खरं सांगते. (मी ‘खरं सांगते’ म्हटलं की माझी नातवंडं पाणी पिऊन येतात, म्हणजे मधेच उठायला नको.) आमच्याकडे मरळ होती, शिंगूर होता, वाघूर होता, दाडक होता, झिंगे होते. प्रत्येकाला नाव होतं, स्वभाव होता, आणि बा म्हणायचा तसं प्रत्येकाला सोयरे होते. नुसता मासा कोणीच नव्हता. ‘माणूस आला’ असं सांगून भागतं का? कोण आला, ते सांगावं लागतं.

आरमोरीपासून दोन कोसांवर आमचं गाव आणि गावाला टेकून तळं. त्याची पाळ इतकी लांब, की या टोकाला लग्न लागलं आणि नवरानवरी चालत निघाली, तर त्या टोकाला पोचेपर्यंत बारशाची वेळ होई. आमचं घर पाळीच्या पायथ्याशी. पावसाळ्यात बेडकं असा गोंधळ घालायची की आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलायचो. नवीन सून आली की तिला वाटायचं, सासर मुकं आहे. पहाटे जाग यायची ती बाच्या जाळ्याच्या आवाजानं. जाळ्याच्या काठाला ओवलेले मातीचे मणी खांद्यावर एकमेकांवर आपटत आणि खुळखुळ करत पाळीवर चढत जात. तो आवाज ऐकला की माय चुलीत काटक्या सारायची. रात्रीचा भात पाण्यात घातलेला असे. त्यात मीठ, वर भाजलेल्या झिंग्यांची चटणी. दुपारी चिंचेचा कोळ घालून केलेला शिंगुराचा रस्सा, इतका आंबट की शेजारच्या घरातल्या माणसाचे डोळे मिटायचे. अंगणात मोहाची फुलं वाळत पडलेली आणि दोरीवर दाडक. ह्या दोन वासांचं माझ्या नाकात असं मिश्रण झालंय की आज नागपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये कोणी अगरबत्ती लावली तरी मला वाटतं, काहीतरी कमी आहे.

आम्ही दोघी बहिणी. शेवंती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि मी भागरथा, म्हणजे भागी. देव आम्हाला बोलणं वाटायला आला तेव्हा शेवंती झोपली होती, म्हणून तिचाही वाटा मीच घेतला. ती दिवसाला सहा-सात वाक्यं बोलायची, त्यांतली चार मला ‘चूप व’ म्हणण्यात जायची. ही गोष्ट घडली त्या साली वडश्याच्या पलीकडच्या एका गावात तिचं ठरलं होतं. मुलगा पाण्यातला तरबेज, घर चांगलं. मायच्या पोटात एवढीच धाकधूक होती की कसं तरी निर्विघ्न पार पडावं.

आता साहेबाकडे येते. आरमोरीच्या बाजाराला जाताना वाटेवर कौलारू बंगला होता आणि त्यात एक म्हातारा गोरा पाद्री राहत असे. लोक त्याला लांबसाहेब म्हणत. माय दर बाजाराला टोपली घेऊन आधी त्याच्या ओट्यावर उतरायची आणि तिच्यासोबत मी, कारण घरी ठेवली तर शेवंतीचं काम होत नसे. साहेब मराठी पुण्याला कुठल्या तरी शास्त्र्याकडून शिकलेला. तो टोपलीत वाकून म्हणायचा, “बाई, आज आपण कोणते मत्स्य आणिले आहेत?”

माय म्हणायची, “मत्स नाई साहेब, शिंगूर हाय. घेता का?”

आमच्या मुलखात येऊन त्याला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत त्यानं दीड माणूस ख्रिस्ती केला होता. पूर्ण एक म्हणजे त्याचा स्वैपाकी, जो मुळात नगरहून ख्रिस्ती होऊनच आला होता. आणि अर्धा म्हणजे गायकी, गावची गुरं राखणारा, जो नाताळाला ख्रिस्ती असे आणि पोळ्याला परत हिंदू. साहेबाला याचं दुःख असेल, पण दाखवत नसे. त्याचं सगळं ध्यान एका कामात होतं: त्यांचं पुस्तक आमच्या बोलीत आणायचं. ते मुळात ग्रीक नावाच्या भाषेत लिहिलेलं. रोज ओट्यावर तीन पुस्तकं उघडी आणि त्यांवर दगड ठेवलेले, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून.

एका बाजाराच्या दिवशी त्यानं मायला विचारलं, “बाई, जाळ्यातल्या आणि ताटातल्या मत्स्याला एकच शब्द आहे का तुमच्यात?”

मायनं टोपली खाली ठेवली. असला प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, “एक कसा राहीन साहेब? जाळ्यात मरळ, बाजारात माल, ताटात भाजी.”

साहेब खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागच्या मागे अंगणात गेली. म्हणाला, अगदी असंच! त्याच्या पुस्तकात येशू तळ्याच्या काठी कोळ्यांना विचारतो, पोरांनो, तोंडी लावायला काही आहे का. आणि निखाऱ्यावर जे भाजत असतं त्याला तिथं वेगळा शब्द आहे, ऑप्सारियन. भाकरीसोबतचं तोंडी लावणं. पण जाळ्यात जे सापडतं त्याला दुसरा शब्द, इख्थूस. मराठीत मात्र सगळ्यांनी दोन्हीकडे ‘मासे’ लिहून ठेवलंय. “तुम्ही भाताबरोबर खाता त्याला भाजी म्हणता, मग ते पाण्यातलं का असेना!”

“मंग काय म्हणाव?” माय म्हणाली. “घेता का नाई ते सांगा. ऊन होऊन राह्यलं.”

मी मात्र ‘इख्थूस’पाशीच अडकले. असला शब्द मी ऐकला नव्हता. शिंक येता येता राहिल्यासारखा. मी विचारलं, म्हणजे काय. साहेबाला विचारणारं कोणी भेटलं की तो सुटायचा. त्यानं काठीनं अंगणाच्या धुळीत पाच अक्षरं काढली आणि सांगितलं, की ग्रीकमध्ये ह्या शब्दात पाच अक्षरं, आणि एकेका अक्षरावरून एकेक शब्द निघतो: येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा. एका माशाच्या पोटात एवढं मोठं नाव! जुन्या काळी राजाचं भय होतं, देवाचं नाव उघड घेता येत नसे. तेव्हा म्हणे दोन अनोळखी माणसं भेटली की एक जण पायाच्या अंगठ्यानं धुळीत एक वाकडी रेघ ओढी. दुसरा आपल्यातला असेल तर तिच्या उलट दुसरी रेघ ओढी, शेपटीकडे दोन्ही एकमेकींना छेदत, आणि मासा पुरा होई. नसेल तर ती नुसती रेघ. कोणाला काय कळणार? साहेबानं दोन रेघांचा मासा काढून दाखवला. “मत्स्य पाण्याबाहेर जगत नाही,” तो म्हणाला, “तसा त्यांचा जीव त्या नावात होता.”

एवढं ऐकल्यावर माझ्यासारखी मुलगी गप्प बसेल? तळ्यावर पाण्याला आलेल्या पोरींना मी त्या संध्याकाळीच सारं सांगितलं. सांगताना थोडं वाढलं. म्हणजे राजाच्या जागी मी सात राजे घातले, आणि जो रेघ पुरी करी त्याला रात्रीतून ग्रीक बोलता येई, असंही सांगितलं. शेवटी दबक्या आवाजात म्हटलं, “ज्याच्या घरी असा मासा, तो साहेबाच्या देवाचा झाला समज. लिहूनच हाय तसं.” हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण खेळ असा लागला की विचारू नका. जी ती भेटली की अंगठ्यानं रेघ ओढायची, आणि दुसरी पुरी करायची. माझ्या हिशेबानं आठवड्याभरात अर्धं गाव ख्रिस्ती झालं होतं आणि साहेब बिचारा ओट्यावर गायक्याची वाट पाहत बसला होता.

वैशाखात लग्न आलं. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. आमच्या घरची रीत अशी की पोरीचं लग्न असलं की दाराशेजारची भिंत पांढऱ्या मातीनं सारवायची आणि त्यावर गेरूनं माशांची जोडी काढायची. पाण्यावर जगणाऱ्यांची पोरगी पाण्यावर जगणाऱ्यांच्या घरी चालली, एवढाच अर्थ. मायनं ते काम मला दिलं, कारण बोलताना माझे हात मोकळे राहिले तर मी पाहुण्यांना पकडून बसायची. एक तर उशीर झालेला, त्यातून मिरवायची हौस. मी काडीला चिंधी गुंडाळली, गेरूत बुडवली आणि दोन रेघांत एक, दोन रेघांत दुसरा, असे दोन मासे फर्रकन काढले. साहेबाकडचे, ग्रीक. मला वाटलं, अशी भिंत चांदा जिल्ह्यात कुणाची नसेल.

दुपारी वऱ्हाड आलं. चौदा बैलगाड्या होत्या. माझ्या भावकीतले लोक चारच होत्या म्हणतात, त्यांचं ऐकू नका. नवरदेवाचा मामा पुढे होता. मिशा अशा की एकेका टोकावर एकेक पोपट बसावा. तोच त्यांच्याकडचा कर्ता. सोबत नवरदेवाची म्हातारी आजी, डोळ्यांत फूल पडलेलं, नातीच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी. शरबत झालं, पान झालं, मायच्या कपाळावरचा घाम वाळायला लागला होता, आणि तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून लांबसाहेब मांडवात शिरला. मायनंच बोलावलं होतं, बारा वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून.

त्यानं नमस्कार केला. मग त्याची नजर भिंतीवर गेली.

मी आयुष्यात पुष्कळ चेहरे पाहिले, पण तसा नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. भिंतीपुढे जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “इख्थूस.” डोळ्यांतून पाणी आलं. बारा वर्षं धुळीत एकच रेघ ओढून बसलेल्या माणसाला कोणीतरी दुसरी रेघ ओढून दिली होती, न सांगता, स्वतःच्या दारावर. हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसती मायच्या मागे सरकले.

“हे काय हाय गा?” मामानं विचारलं. “साहेब काऊन रडून राह्यला?”

माझी एक मैत्रीण होती, तिचं नाव घेत नाही, तिची नातवंडं नांदती आहेत. ती चटकन म्हणाली, “ते किरिस्तावायची खूण होय. ज्याच्या घरी तो मासा, तो साहेबाच्या देवाचा. भागीनं सांगतलं.”

मामानं तोंडातलं पान थुंकलं. “म्हणजे आमी बाटलेल्या घरात पोट्ट्याचं लगन लावून राह्यलो? बैलं जुंपा रे!” बा हात जोडून पुढे झाला, तर त्याच्याकडे कोणी पाहीना. आत शेवंती हळद लावून बसलेली. हळद लागलेल्या पोरीच्या दारातून वऱ्हाड परत गेलं तर दुसरं येत नसे. वर जातीनं आमचं पाणी बंद केलं असतं ते वेगळं. हे सगळं मायच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिनं माझं मनगट धरलं. “भागे, काय सांगतलं तू? खरं सांग.”

माझ्या जिभेवर तेव्हा तीन थापा तयार होत्या, एकाहून एक सरस. तिन्ही गिळल्या. म्हटलं, “साहेबाकडं पाह्यला आन् काढला. बाकीचं मी मनानं जोडलं.”

“लहान पोट्टीचं काय खरं!” मामा म्हणाला आणि साहेबाकडे वळला. “साहेब, तुमी सांगा. तुमचा देव खोटं बोलू देत नाई म्हणते. हे लोकं तुमचे होय का नाई?”

साहेब भिंतीकडे बघत होता, मग मायकडे पाहिलं, मग दाराच्या फटीतून दिसणाऱ्या पिवळ्या पातळाकडे. मला वाटतं, गप्प राहिला असता तरी त्याचा देव त्याच्यावर रागावला नसता. त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली आणि शास्त्र्याकडची मराठी विसरून म्हणाला, “नाही. हे माझे लोक नाहीत. मी ह्यांचा पाहुणा आहे. चूक माझी झाली.”

मामा तरी मिशी चावतच होता. पाद्री साळसूदपणे नाही म्हणेल, पण भिंतीवरची खूण तर समोर दिसत होती. तेवढ्यात म्हातारी आजी उठली. “मले न्या भिंतीपाशी,” म्हणाली. नातीनं नेलं. आजीनं पन्नास वर्षं बाजारात डोळ्यांऐवजी हातानं माल ओळखलेला. तळवा भिंतीवर फिरवला, ओला गेरू बोटाला लागला.

“कोणता होय हा?” तिनं विचारलं.

मामा भिंतीजवळ सरकला.

“अरे, मरळ होय का शिंगूर होय? साहेब, तुमच्या पोथीत कोणता हाय?”

साहेब गोंधळला. “आजी, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. कोणताही.”

“कोणताई?” आजी मांडवाकडे वळली. “आयकलं का गा? कोणताई म्हणजे कोणताच नाई. खवलं नाई, मिशा नाई, डोरा नाई. असा आपल्या तळ्यात तरी निघते का, आन् साहेबाच्या तळ्यात तरी? पोट्टीनं आळस करून अर्धा टाकला न् तुमी बैलं जुंपून राह्यले. तू मोठा ढिवर म्हणवतं, तुले बिनजातीचा मासा वळखू आला नाई?”

मामाच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली. मागून कोणीतरी खिदळलं, आणि एकदा ढिवरांच्या मांडवात हसू फुटलं की कोण थांबवणार? मामाही शेवटी म्हणाला, “मले वाटलंच होतं डोरा नाई म्हणून,” आणि नवं पान मागितलं. आजीनं मला खुणेनं बोलावलं. “पुरा कर. मरळ कर. अंडी भरलेली कर, लग्नाचं घर होय.”

मी काडी घेतली. डोळे काढले, आमच्याकडे ज्याला डोरा म्हणतात ते, खवलं काढली, पाठीवरचा लांब पंख काढला, पोट फुगवलं. शेजारी साहेब उभा होता. त्याचे दोन रेघांचे मासे माझ्या हाताखाली बुजत होते आणि तो बघत होता. मी हळूच म्हटलं, “साहेब, मी मुद्दाम नाई केलं.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. मग भिंतीशी वाकून, “मरळीला किती पंख असतात?” आणि खिशातून वही काढली.

आज वाटतं, त्या आजीनं एका वाक्यात जे केलं ते मोठमोठ्या सभांना जमत नाही. तिला त्या पाच अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता आणि जाणून घ्यायचाही नव्हता. आणि साहेबाच्या शब्दाला मी तेव्हा जी गोष्ट जोडली तिच्याबद्दल मला लाज वाटते, पण मूळ शब्द अजून आवडतो. पुढे मी ख्रिस्ती झाले नाही, कुठलीच धड झाले नाही. पण एखादं नाव इतकं जिवापाड जपावं की ते दुसऱ्या शब्दाच्या पोटात लपवून न्यावं लागावं, ह्याचा अर्थ मला म्हातारपणी उमगायला लागला आहे.

तिन्हीसांज झाली. अंतरपाट धरला. साहेब सायकल काढत होता, मांडवात आपली अडचण नको म्हणून. तेव्हा आतून शेवंती आली, मुंडावळ्या सावरत, नवरीनं बोलू नये अशा वेळी. तिचं त्या दिवसाचं ते पहिलं वाक्य असावं. “साहेब, अक्षता टाकून जा.”

तो म्हणाला, “माझ्या हातच्या चालतील?”

“पाहुणे होय म्हणलं ना तुमी,” ती म्हणाली, आणि पाटावर जाऊन उभी राहिली.

कोणीतरी त्याच्या ओंजळीत पिवळे तांदूळ दिले. त्याला काय माहीत, किती वेळा टाकायचे ते! भटजींचं पहिलं ‘सावधान’ ऐकलं आणि त्यानं सगळी ओंजळ एका दमात शेवंतीच्या डोक्यावर रिकामी केली. दुसरं मंगलाष्टक सुरू झालं तसा तो आपल्या मोकळ्या हातांकडे पाहायला लागला. शेजारी आजी बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण त्याचा श्वास ऐकून कळलं असावं. “हात कर,” ती म्हणाली, आणि आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्याच्या हातात ओतल्या.